लेव्होडोपाने मेंदू झिजतो का?

कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं, निदान झालं की घरात एक हिशेब मांडला जातो. लेव्होडोपाची गोळी पाच वर्षंच चालते, मग अंगात वळवळ सुरू होते, तेव्हा ती जितकी उशिरा सुरू करू तितकं बरं. तोवर हात थरथरतोय तर थरथरू दे, शर्टाची बटणं दुसरं कोणी लावेल. हा हिशेब अडाणीपणातून आलेला नाही. १९८० आणि ९० च्या दशकांत अनेक मेंदूविकारतज्ज्ञही असाच सल्ला देत, आणि त्यामागे प्रयोगशाळेतली निरीक्षणं होती: काचेच्या ताटलीत वाढवलेल्या चेतापेशींवर लेव्होडोपा घातलं की त्या मरत. जे औषध रोग्याला चालतं-फिरतं करतं तेच आतून त्याच्या उरलेल्या पेशी मारत असेल, तर त्याहून मोठा विश्वासघात कोणता?

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या शंकेची कसून तपासणी झाली. हिशेब चुकीचा ठरला, पण त्यातला एक लहान भाग बरोबर निघाला. तो कोणता, हे कळलं तर गोळ्या घेण्याची रीतच बदलते.

आधी हा पदार्थ काय आहे ते पाहू. मध्यमेंदूत काळसर रंगाचा एक लहान पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि लांब तंतूंमधून मेंदूच्या आतल्या गाभ्यात सोडतात. हालचाल सहज सुरू होणं, तिचा वेग, तिचा आवाका हे सगळं त्या डोपामिनवर अवलंबून असतं. डोपामिन बनतं दोन पायऱ्यांत. डाळी, दूध, अंडी यांतून मिळणारं टायरोसिन हे अमिनो आम्ल घ्यायचं, एका विकराने (एन्झाइमने) त्याचं लेव्होडोपा करायचं, दुसऱ्या विकराने लेव्होडोपाचं डोपामिन. कंपवातात या पेशी मरत जातात. लक्षणं दिसू लागतात तोवर गाभ्यातलं बरंचसं डोपामिन गेलेलं असतं.

मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे तो डोपामिनला आत सोडत नाही. लेव्होडोपाला सोडतो. ते अमिनो आम्लासारखं दिसतं, त्यामुळे अमिनो आम्लांची ने-आण करणाऱ्या वाहकावर बसून आत शिरतं. हा वाहक लक्षात ठेवा, जेवणाच्या वेळांचा विषय येईल तेव्हा तो परत भेटेल.

लेव्होडोपाचा इतिहास औषधाच्या इतिहासापेक्षा जुना आहे. १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम या रसायनतज्ज्ञाने युरोपात खातात त्या बाकल्याच्या शेंगांमधून ते वेगळं काढलं, अडीच ग्रॅम स्वतः गिळून पाहिलं आणि त्याला जोरदार उलट्या झाल्या. पदार्थ निरुपयोगी नाही हे त्याच क्षणी कळायला हवं होतं, पण कळलं नाही. १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांतून तेच काढलं. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी औषध देऊन निपचित पाडलेल्या सशांना लेव्होडोपा टोचलं आणि ससे उठून हिंडू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी मृत रोग्यांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं मोजून दाखवलं, पुढच्याच वर्षी रोग्यांना शिरेतून लेव्होडोपा दिलं गेलं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी मात्रा आठवड्यागणिक हळूहळू वाढवत नेण्याची युक्ती दाखवली, तेव्हा कुठे ते रोजच्या वापराचं औषध झालं. त्या काळी दिवसाला कित्येक ग्रॅम लागत, कारण पोटात गेलेल्या लेव्होडोपाचा बहुतेक भाग वाटेतच, म्हणजे आतड्यात आणि रक्तातच, डोपामिन होऊन वाया जाई. तेच डोपामिन उलटीच्या केंद्राला चाळवत असे. १९७० च्या दशकात त्याच्या जोडीला कार्बिडोपा आलं. ते मेंदूत शिरत नाही, फक्त बाहेरच्या विकराला अडवतं. मात्रा चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आली आणि उलट्या आटोक्यात आल्या.

आता संशय. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, सफरचंद तपकिरी होतं. त्या फोडींमध्ये एक ठरावीक रचनेचे रेणू असतात: सहा कार्बनचं कडं आणि त्यावर शेजारी-शेजारी बसलेले दोन हायड्रॉक्सिल गट. हवेतला ऑक्सिजन मिळाला की असे रेणू क्विनोन नावाच्या चिकट, आक्रमक रेणूंमध्ये बदलतात, क्विनोन एकमेकांना आणि आसपासच्या प्रथिनांना चिकटत जातात आणि काळा रंग येतो. लेव्होडोपा आणि डोपामिन यांची रचना नेमकी हीच आहे. मध्यमेंदूतला तो पट्टा काळा दिसतो तोही डोपामिनपासून बनलेल्या अशाच रंगद्रव्यामुळे. म्हणजे या पेशी जन्मभर स्वतःच्या चिरलेल्या वांग्याशी झुंजत असतात.

त्यात भर अशी की वापरून झालेलं डोपामिन पेशीतला एक विकर मोडतो, तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. या पट्ट्यात लोहाचं प्रमाण जास्त असतं, आणि लोह व पेरॉक्साइड एकत्र आले की त्यातून अत्यंत विध्वंसक मुक्त कण निघतात. कंपवाताच्या रोग्यांत हे कण विझवणारा ग्लुटाथायोन नावाचा पदार्थही या भागात कमी सापडतो. तर मग आधीच थोड्या उरलेल्या, जादा पाळी करणाऱ्या पेशींवर आपण बाहेरून आणखी कच्चा माल ओततोय. रोग वेगाने वाढणार नाही का? तर्क पक्का होता. ताटलीतल्या पेशींनी त्याला दुजोराही दिला.

पण ताटलीत आणि मेंदूत फरक असतो. पहिला फरक मात्रेचा. ताटलीत पेशी मारायला बहुतेक वेळा ५० ते २५० मायक्रोमोलर (द्रवात पदार्थ किती दाट विरघळलाय याचं माप) एवढं लेव्होडोपा लागलं. नेहमीची गोळी घेतल्यावर रोग्याच्या रक्तात ते साधारण ५ ते १५ च्या घरात चढतं, तेही तास-दीड तासापुरतं, मग उतरतं. ताटलीत मात्र ते दिवसन् दिवस तसंच पडून राहतं आणि त्या द्रवातच काळं पडत जातं. म्हणजे पेशीच्या आत काय चाललंय यापेक्षा बाहेर नासलेल्या पदार्थाचाच परिणाम मोजला जाण्याचा धोका. दुसरा फरक शेजाऱ्यांचा. मेंदूत चेतापेशी एकट्या राहत नाहीत, त्यांच्याभोवती ग्लायल पेशी असतात आणि त्या ग्लुटाथायोन पुरवतात. ताटलीत ग्लायल पेशीही ठेवल्या तेव्हा तेच लेव्होडोपा मारक ठरेना. काही प्रयोगांत तर थोड्या मात्रेने पेशींना बळच मिळालं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या कामात डोपामिनच्या पेशी आधी अर्धवट जखमी केल्या आणि मग महिनोन् महिने लेव्होडोपा दिलं. उरलेल्या पेशी आणखी मेल्या नाहीत, उलट त्यांच्यात सुधारणा दिसली.

तरी उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांबद्दलचे पुरावे तीन वाटांनी आले आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिली वाट ज्यांना कंपवात नाही तरी लेव्होडोपा घ्यावं लागतं अशांची. जपानच्या मासाया सेगावा यांच्या नावाने ओळखला जाणारा एक आनुवंशिक विकार आहे. मुलाचं पाऊल वाकडं पडू लागतं, सकाळी बरं असतं आणि संध्याकाळपर्यंत चालणं बिघडतं. इथे पेशी शाबूत असतात, फक्त डोपामिन बनवण्याच्या पहिल्या पायरीतला एक मदतनीस रेणू कमी पडतो. अशी मुलं थोड्या मात्रेच्या लेव्होडोपावर ठणठणीत होतात आणि दशकानुदशकं तशीच राहतात. लेव्होडोपा मुळातच पेशीमारक असतं तर वीस-तीस वर्षांत यांना कंपवात जडायला हवा होता. तो जडत नाही. कंपवात समजून चुकून अनेक वर्षं लेव्होडोपा दिलेल्या, पण प्रत्यक्षात दुसराच आजार असलेल्या मोजक्या रोग्यांचं शवविच्छेदनही झालं आहे, त्यांच्यातला काळा पट्टा शाबूत सापडला. अर्थात यावर चोख आक्षेप घेता येतो: निरोगी पेशीला झेपेल ते आजारी पेशीला झेपेलच असं नाही. म्हणून लंडनच्या मेंदूपेढीत जतन केलेल्या कंपवातग्रस्तांच्या मेंदूंची पाहणी महत्त्वाची ठरते. आयुष्यभरात कोणी किती लेव्होडोपा घेतलं आणि काळ्या पट्ट्यातल्या किती पेशी उरल्या, यांचा मेळ घालून २०११ मध्ये निष्कर्ष आला की जास्त लेव्होडोपाने जास्त पेशी गेल्याचं दिसत नाही.

दुसरी वाट थेट चाचणीची, आणि खरी गंमत इथे आहे. २००४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या एका चाचणीचे निकाल आले. एलडोपा हे तिचं नाव. नुकतंच निदान झालेल्या ३६१ रोग्यांचे चार गट केले: नकली गोळी, आणि दिवसाला १५०, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम लेव्होडोपा. ४० आठवडे औषध, मग दोन आठवडे पूर्ण बंद, आणि मग तपासणी. युक्ती सोपी होती. औषधाचा तात्पुरता प्रभाव उतरला की खाली रोग किती वाढलाय ते उघडं पडेल. लेव्होडोपा विषारी असेल तर ते घेतलेले लोक नकली गोळीवाल्यांपेक्षा वाईट दिसतील.

झालं उलटं. रोगाची लक्षणं मोजणाऱ्या गुणांच्या पट्टीवर नकली गोळीवाले ७.८ गुणांनी खालावले. १५० आणि ३०० वाले प्रत्येकी १.९ ने, आणि ६०० वाले तर सुरुवातीपेक्षा १.४ ने बरे होते.

इथेच थांबलं असतं तर निकाल स्पष्ट होता. पण १४२ जणांचं मेंदूचं स्कॅनही केलं होतं. पेशीने सोडलेलं डोपामिन परत आत ओढणारे जे पंप असतात, त्यांना चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ टोचायचा आणि पंप किती उरलेत ते मोजायचं, असं ते स्कॅन. नकली गोळीवाल्यांत पंप १.४ टक्क्यांनी घटले. लेव्होडोपावाल्यांत मात्र ४ ते ७ टक्क्यांच्या आसपास. माणूस बरा, चित्र वाईट. प्रामिपेक्सोल या दुसऱ्या औषधाशी तुलना करणाऱ्या आधीच्या एका चाचणीतही असंच दिसलं होतं: ४६ महिन्यांत प्रामिपेक्सोलवाल्यांत घट १६ टक्के, लेव्होडोपावाल्यांत साडेपंचवीस. याच आकड्यांनी भीतीला आणखी दहा-पंधरा वर्षं खतपाणी घातलं.

हे चित्र कसं वाचायचं? पंप म्हणजे पेशी नव्हे. घरात पाणी भरपूर येऊ लागलं की आपण मोटर कमी वेळ चालवतो, मोटर बंद दिसली म्हणून घर पडलं असं कोणी म्हणत नाही. लेव्होडोपामुळे पेशी आपले पंप कमी करत असेल तर स्कॅनमध्ये घट दिसेल आणि पेशी मात्र जिवंत असेल. दुसरी अडचण एलडोपाच्याच रचनेत होती. लेव्होडोपाचा एक परिणाम काही तासांत येतो आणि जातो, पण दुसरा परिणाम आठवडे रेंगाळतो. दोन आठवड्यांत तो पुरता उतरत नाही. त्यामुळे लेव्होडोपा रोगाला आळा घालतं असंही या चाचणीवरून म्हणता येईना आणि रोग वाढवतं असंही नाही.

हा गुंता सोडवण्यासाठी नेदरलँड्समध्ये वेगळ्या धर्तीची चाचणी झाली, लीप नावाची, निकाल २०१९ चे. ४४५ रोगी. अर्ध्यांना ८० आठवडे लेव्होडोपा, दिवसातून तीनदा १०० मिलिग्रॅम, सोबत प्रत्येक वेळी २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा. उरलेल्यांना आधी ४० आठवडे नकली गोळी, मग ४० आठवडे तेच लेव्होडोपा. शेवटी दोन्ही गट एकाच औषधावर असतात, त्यामुळे औषध उतरवण्याची भानगडच नाही. लेव्होडोपा विषारी असेल तर लवकर सुरू केलेला गट ८० व्या आठवड्याला मागे पडलेला दिसेल, मेंदू राखणारं असेल तर पुढे गेलेला. दोन्ही गट जवळजवळ एकाच जागी होते, एका गुणाचा फरक, तोही योगायोगात मोडणारा. अंगाच्या अनैच्छिक हालचालींचं, म्हणजे वळवळीचं, प्रमाणही दोन्हींत सारखंच. उशिरा सुरू करणाऱ्यांना मिळालं काय, तर चाळीस आठवड्यांचा जादा त्रास. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो सोसवला नाही आणि ठरलेल्या वेळेआधीच खरी गोळी द्यावी लागली.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यायला हवा. लेव्होडोपा मेंदू झिजवत नाही, तसंच ते मेंदू वाचवतही नाही. रोग आपल्या चालीने पुढे जात राहतो.

मग पाच वर्षांनी गोळीचा परिणाम कमी का होतो आणि अंग का वळवळतं? लेव्होडोपावर चार ते सहा वर्षं झाल्यावर सुमारे ४० टक्के रोग्यांत असं दिसतं, हे खरंच आहे. पण दोष कोणाचा हे समजायला आपल्या इमारतीची टाकी आठवा. नळाला पाणी दिवसातून दोन तास येतं, पण गच्चीवरची टाकी मोठी असली की चोवीस तास पुरतं. आजाराच्या सुरुवातीला उरलेल्या पेशी टाकीचं काम करतात: गोळीतून आलेलं डोपामिन साठवतात आणि गरजेप्रमाणे सोडतात. लेव्होडोपा रक्तात तास-दीड तासात निम्मं होतं, तरी सकाळची गोळी दुपारपर्यंत पुरल्यासारखी वाटते ती यामुळे. वर्षं जातात तशी रोगाने टाकी लहान होते. मग नळाला पाणी आलं की धो-धो, गेलं की कोरडं. धो-धो असताना अंग वळवळतं, कोरडं असताना पाय जमिनीला चिकटतात. मेंदूच्या गाभ्यातल्या पेशींना ही चढ-उताराची सवय लागते आणि त्यांची प्रतिक्रिया अधिकाधिक भडक होत जाते. टाकी पाण्याने लहान झालेली नाही, पण लहान टाकीत एकदम जास्त पाणी सोडलं की ते ओसंडणारच.

याचा सर्वांत बोलका पुरावा, म्हणजे तिसरी वाट, घानातून आला. तिथे लेव्होडोपा सहज मिळत नाही, त्यामुळे रोगी ते उशिरा सुरू करतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांची तुलना इटलीतल्या रोग्यांशी केली गेली. घानात लेव्होडोपा लक्षणांनंतर सरासरी ४.२ वर्षांनी सुरू झालं होतं, इटलीत २.४ वर्षांनी. पण चढ-उतार आणि वळवळ दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाली. घानात ती गोळी सुरू केल्यावर लवकर आली, इटलीत उशिरा, एवढंच. तिचा संबंध गोळी किती वर्षं घेतली याच्याशी नव्हता. तो होता आजाराच्या वयाशी, आणि वजनाच्या हिशेबाने दर किलोला किती मात्रा पडते याच्याशी.

जुन्या हिशेबातला बरोबर भाग हाच. काळजी तारखेची नव्हे, मात्रेची करायची. एलडोपामध्येही ६०० मिलिग्रॅमच्या गटात अनैच्छिक हालचाली १६.५ टक्क्यांत दिसल्या, नकली गोळी आणि १५० च्या गटांत ३.३ टक्के, ३०० मध्ये त्याहूनही कमी. पन्नाशीच्या आत आजार सुरू झालेले आणि कमी वजनाच्या स्त्रिया यांना धोका जास्त. ४५ किलोच्या बाईला आणि ८० किलोच्या माणसाला एकच मात्रा लिहिली जाते तेव्हा दर किलोला तिच्या अंगावर जवळपास दुप्पट पडते, हे अनेकदा नजरेआड होतं.

लेव्होडोपा टाळण्याची किंमतही होती. त्याऐवजी डोपामिनची नक्कल करणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारखी औषधं पुढे केली गेली. त्यांनी वळवळ उशिरा येते हे खरं. पण बसल्या जागी डुलकी, पायांना सूज, भास आणि काहींत अनावर जुगार, खरेदी किंवा कामेच्छा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रोग्यांच्या पाहणीत असं वर्तन ही औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांत सापडलं, न घेणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांत. घरच्यांना ते औषधाचं कारस्थान वाटत नाही, म्हातारपणी स्वभाव बिघडला असं वाटतं. सत्तरीपुढच्या माणसाला ही औषधं आधी आणि लेव्होडोपा नंतर, हा क्रम आता बहुतेक ठिकाणी मागे पडला आहे.

आता गोळीकडे. पाकिटावरचा आकडा म्हणजे दोन औषधांची बेरीज असते. ११० म्हणजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. बाहेरच्या विकराला पुरतं अडवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. ११० ची गोळी तीनदा घेतली तर कार्बिडोपा होतं फक्त ३०. मग मळमळ होते, चक्कर येते, आणि ‘मला हे औषध सोसत नाही’ असा शिक्का बसतो. तेवढंच लेव्होडोपा १२५ च्या गोळीतून दिलं तर कार्बिडोपा ७५ होतं आणि पुष्कळदा तक्रार मिटते. ११० आणि १२५ या गोळ्या दुकानात एकमेकींच्या बदली घेण्याजोग्या नाहीत.

जेवणाचं गणित त्या वाहकावर चालतं. डाळ, दूध, पनीर, अंडी, मासे यांतली अमिनो आम्लंही त्याच वाहकावर बसायला रांगेत असतात, आतड्यातही आणि मेंदूच्या दारातही. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर. दुधाबरोबर नको. सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळत असेल तर दोन साधी बिस्किटं चालतात. आजार जुना झालेल्यांनी प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात नेला तर दिवसाच्या गोळ्या जास्त भरवशाच्या होतात. प्रथिनं बंद करू नयेत, या आजारात वजन आधीच घटतं. लोहाची गोळी लेव्होडोपाला आतड्यातच बांधून ठेवते, दोहोंत किमान दोन तास हवेत. बद्धकोष्ठ असेल तर त्याचा इलाज आधी, कारण पोट तुंबलं की गोळी आतड्यात उशिरा पोचते आणि औषध चालत नाही असं वाटतं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून किंवा चावून घ्यायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र लेव्होडोपाच्या नावावर खरंच मांडावी लागते. शरीर त्याचा काही भाग मोडताना मेथिल गट वापरतं, त्यातून होमोसिस्टिन वाढतं आणि बी-१२ व फोलेटची गरज वाढते. ज्यांचं बी-१२ आधीच कमी आहे त्यांच्या तळपायांत मुंग्या, बधिरपणा येऊ शकतो आणि चालण्यातला तोल आणखी बिघडतो. तो दोष कंपवाताच्या खात्यात जमा होतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचं, तेव्हा गोळी सुरू करताना आणि पुढे वर्षातून एकदा ते तपासून घ्यावं. उणीव भरून काढणं सोपं आणि स्वस्त आहे.

खरा धोका औषध घेण्यात नसून ते अचानक थांबवण्यात आहे. मोठी मात्रा एकाएकी बंद झाली की अंग लाकडासारखं ताठ होणं, तीव्र ताप, ग्लानी असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रोग्यांत हे घडतं, कारण ‘तोंडावाटे काही नाही’ या सूचनेत लेव्होडोपाही अडकतं. शस्त्रक्रिया ठरली की भूलतज्ज्ञाला गोळ्यांच्या वेळा लिहून द्याव्यात आणि नळीवाटे देता येईल का हे विचारावं. उलटी थांबवायला सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड मेंदूतल्या डोपामिनलाच अडवतं. त्याऐवजी डॉम्पेरिडोन वापरतात, हृदयाची तपासणी पाहून. ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड घातलेलं असतं तेही तसंच. चक्करेवर देतात त्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनने तर धडधाकट माणसालाही कंपवातासारखी लक्षणं येतात. लेव्होडोपा लागू पडेनासं झालं असं वाटलं की आधी पित्ताच्या गोळीचं पाकीट उलटून वाचावं.

आणि खाजकुयली. तिची शेंग अंगाला लागली की काय होतं ते कोकणात सांगायला नको. बियांत वजनाच्या सुमारे ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतं, आणि ते रासायनिकदृष्ट्या गोळीतलंच आहे. म्हणून ‘गोळीने मेंदू झिजतो, पावडरीने नाही’ या बोलण्याला आधार नाही. १० ग्रॅम पावडरीत ५ टक्क्यांच्या हिशेबाने ५०० मिलिग्रॅम लेव्होडोपा झालं. कार्बिडोपा सोबत नसल्याने त्याचा परिणाम १२५ च्या एका गोळीएवढा धरावा. लंडनमधल्या आठ रोग्यांवरच्या २००४ च्या चाचणीत ३० ग्रॅम पावडरीने परिणाम गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. एका मात्रेपुरतं हे उत्साहवर्धक होतं. पण पुढे बोलिव्हियातल्या १४ रोग्यांना भाजलेल्या बियांची पूड रोज द्यायचा प्रयत्न झाला तेव्हा सोळा आठवड्यांत निम्म्यांनी ती सोडली, काहींनी पोटाच्या त्रासाने, काहींनी हालचाल बिघडत गेल्याने. शिवाय डब्यात नेमकं किती आहे हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १६ पूरकांची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, एका मात्रेत २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत लेव्होडोपा निघालं. गोळी चालू असताना वरून पावडर घेतली तर गोळीतलं कार्बिडोपा पावडरीतल्या लेव्होडोपालाही वाचवतं. मग मेंदूत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पोचतं आणि वळवळ, भास, रक्तदाब एकदम उतरणं असले प्रकार होतात. पावडर घ्यायचीच असेल तर ग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरांना सांगून, गोळीची मात्रा त्या हिशेबाने बदलून.

पुढच्या भेटीला जाताना सलग तीन दिवसांची नोंद बरोबर न्यावी. वहीच्या एका पानावर दर अर्ध्या तासाची ओळ: गोळी कधी घेतली, अंग मोकळं कधी झालं, पुन्हा कधी जड झालं, वळवळ कधी होती, जेवण कधी आणि काय. वळवळ गोळीनंतर तास-दीड तासाने होत असेल तर प्रत्येक वेळची मात्रा जास्त आहे, ती लहान करून संख्या वाढवतात. पुढच्या गोळीआधी अंग जड होत असेल तर दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करतात किंवा डोपामिन मोडणाऱ्या विकराला आवरणारं दुसरं औषध जोडतात. दुपारचीच गोळी लागू पडत नसेल तर जेवणाच्या रकान्यात पाहावं, त्या आधी काय खाल्लं होतं.